खातेवहीतील मौन : विल्यम फॉकनरच्या कादंबरीतील निवेदन आणि वारसा

१

विल्यम फॉकनर (१८९७–१९६२) या अमेरिकन कादंबरीकाराचा उल्लेख मराठी समीक्षेत होतो तो बहुधा दोन संज्ञांच्या सोबतीने. बा. सी. मर्ढेकरांच्या ‘रात्रीचा दिवस’ (१९४२) या कादंबरीच्या निमित्ताने ‘संज्ञाप्रवाहा’ची चर्चा निघाली की जॉइस आणि व्हर्जिनिया वुल्फ यांच्या पंक्तीत फॉकनरचे नाव येते, आणि ‘प्रादेशिक कादंबरी’चा विचार होत असताना हार्डीच्या वेसेक्सबरोबर त्याच्या योक्नापटॉफा परगण्याचा दाखला दिला जातो. या दोन्ही संज्ञा चुकीच्या नाहीत. परंतु पहिली संज्ञा फॉकनरला तंत्राचा प्रयोगकर्ता ठरवते, दुसरी त्याला एका भूभागाचा चित्रकार बनवते आणि या दोहोंना सांधणारा जो प्रश्न आहे तो दोघींच्या मधून निसटून जातो. त्याची माणसे इतकी वळसे घेत, इतक्या अंदाजाने, एकमेकांचे बोलणे खोडीत भूतकाळाविषयी का बोलतात? सरळ सांगता येण्यासारखी गोष्ट सरळ सांगण्याचे ते का टाळतात?

या प्रश्नाचे उत्तर मनोविश्लेषणात किंवा कालविषयक तत्त्वज्ञानात शोधण्याची प्रथा आहे. ज्याँ-पॉल सार्त्र यांनी १९३९ मध्ये ‘द साउंड अँड द फ्यूरी’तील काळाविषयी लिहिताना या कादंबरीविश्वाला भविष्यकाळच नाही, असा आक्षेप घेतला होता. तो आजही विचार करावा असाच आहे. मात्र हा भविष्याचा अभाव कोणत्याही काळातल्या, कोणत्याही माणसाचा नाही. तो एका विशिष्ट समाजातील, गुलामगिरीवर उभ्या राहिलेल्या आणि तिची नोंद पुसू पाहणाऱ्या गौरवर्णीय वारसदारांचा आहे. फॉकनरच्या निवेदनाचा रूपबंध हा मूलतः वारशाच्या चौकशीचा रूपबंध आहे. पूर्वजांनी काय केले हे कोणाला, किती आणि कशाच्या आधारे कळते, आणि एकदा कळल्यावर त्या जाणत्या माणसाने काय करावयाचे, हा या चौकशीचा विषय होय. या चौकशीत फॉकनरची कादंबरी जेथवर पोचते तेथवर नागरिक म्हणून फॉकनर पोचू शकला नाही. आणि या अंतराचे सर्वांत कठोर भाष्य त्याच्याच एका कथेत, पुष्कळ आधी, लिहून झालेले होते, असे प्रतिपादन येथे करावयाचे आहे.

२

वारसा हा फॉकनरच्या बाबतीत रूपकात्मक शब्द नाही. त्याचे पणजोबा विल्यम क्लार्क फॉकनर हे यादवी युद्धात दक्षिणेच्या बाजूने लढलेले कर्नल, गुलामांचे मालक, रेल्वेमार्ग उभारणारे उद्योजक आणि ‘द व्हाइट रोज ऑफ मेम्फिस’ (१८८१) या लोकप्रिय कादंबरीचे लेखक होते. १८८९ मध्ये मिसिसिपीतील रिप्ली गावी एका माजी व्यावसायिक भागीदाराने त्यांच्यावर गोळी झाडली आणि त्यात त्यांचा अंत झाला. या पणजोबांना एका कृष्णवर्णीय स्त्रीपासून संतती असावी, अशी शक्यता इतिहासकार जोएल विल्यमसन यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात मांडली आहे. ती पूर्णतः सिद्ध होवो वा न होवो, घराण्याच्या पराक्रमाची कथा आणि तिच्या आड राहिलेली दुसरी कथा ही जोडी फॉकनरच्या कादंबऱ्यांत पुनःपुन्हा येते.

स्वतः फॉकनरने हा वारसा प्रथम अभिनयाच्या पातळीवर स्वीकारला. १९१८ मध्ये तो ब्रिटिश हवाई दलात भरती होऊन टोरांटो येथे प्रशिक्षण घेत होता. ते पुरे होण्याआधीच युद्ध संपले. तरीही पुढे बराच काळ तो युद्धात जखमी झालेल्या वैमानिकाच्या आविर्भावात वावरत राहिला. आडनावाच्या वर्णलेखनात त्याने एका अक्षराची भर घातली तीही याच सुमारास. १९२१ ते १९२४ या काळात मिसिसिपी विद्यापीठाच्या टपाल कार्यालयात त्याने नोकरी केली. पुढे न्यू ऑर्लीन्स येथे शेरवुड अँडरसन या ज्येष्ठ लेखकाच्या सहवासात तो गद्याकडे वळला आणि ‘सोल्जर्स पे’ (१९२६) ही पहिली कादंबरी त्याने लिहिली. आपल्या परिचयाच्या लहानशा भूमीतच लिहिण्यासारखे पुष्कळ आहे ही जाणीव ‘सार्टोरिस’ (१९२९) पासून प्रकट होऊ लागते. पणजोबांची प्रतिमा तेथे कर्नल सार्टोरिस या रूपाने उभी राहते. पण अजून ती स्मरणरंजनाच्या धुक्यात आहे.

हे धुके त्याच वर्षीच्या ‘द साउंड अँड द फ्यूरी’त फाटते. कॉम्पसन घराण्याच्या ऱ्हासाची ही कथा चार भागांत सांगितली जाते. पहिले तीन भाग बेन्जी, क्वेंटिन आणि जेसन या तीन भावांच्या तोंडून येतात. ज्या बहिणीभोवती या तिघांचे मन फिरत राहते तिला, कॅडीला, स्वतःचा भाग नाही. चौथा भाग ८ एप्रिल १९२८ या ईस्टरच्या दिवशी घडतो. तो घराचा सारा भार वाहणाऱ्या डिल्सी या कृष्णवर्णीय वृद्धेला केंद्रस्थानी ठेवतो. परंतु तो तृतीयपुरुषी आहे. मतिमंद बेन्जीच्या जाणिवेत शिरण्याचे धाडस करणारा लेखक डिल्सीच्या जाणिवेच्या उंबरठ्याशी थांबतो. ती आपल्याला बाहेरून दिसते, तिचा चेहरा, तिची वस्त्रे, तिचे अश्रू दिसतात. तिच्या मनात कॉम्पसन घराण्याविषयी नेमके काय आहे ते कळत नाही.

हे थांबणे संयमाचे की असमर्थतेचे, याविषयी मतभेद होऊ शकतात. संयमाच्या बाजूने असे म्हणता येईल की, जे आपल्याला ज्ञात नाही ते ज्ञात असल्याचा आव लेखकाने आणला नाही. परंतु १९४६ मध्ये माल्कम कौली यांनी संपादित केलेल्या ‘द पोर्टेबल फॉकनर’साठी लिहिलेल्या कॉम्पसन परिशिष्टात इतरांच्या वाट्याला सविस्तर चरित्रे आली असताना डिल्सीच्या नावापुढे सोशिकतेचा गौरव करणारे एकच अतिसंक्षिप्त वाक्य येते. मौन राखणे आणि मौनाच्या जागी प्रशस्तिपत्र ठेवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सोसणाऱ्याच्या सोशिकतेचे कौतुक करताना, सोसावयास लावणाऱ्याच्या हिशेबाची वही मिटली जाते. फॉकनरच्या पुढील लेखनाचा मोठा भाग ही वही पुन्हा उघडण्याचा प्रयत्न आहे, असे म्हटले तर ते वावगे ठरू नये.

३

‘ॲब्सलम, ॲब्सलम!’ (१९३६) ही या प्रयत्नातील मध्यवर्ती कादंबरी. तिच्यासोबत फॉकनरने योक्नापटॉफा परगण्याचा नकाशा छापला. त्यात २४०० चौरस मैलांचे क्षेत्र आणि गौरवर्णीय ६२९८ व कृष्णवर्णीय ९३१३ अशी लोकसंख्या नोंदवून त्याने या प्रदेशाचा एकमेव मालक म्हणून स्वतःचे नाव घातले. या विनोदाकडे सहसा कौतुकाने पाहिले जाते. पण जमिनीची आणि माणसांची मालकी हाच ज्या कादंबरीचा विषय आहे तिच्या नकाशावर लेखकाने मालक म्हणून सही करावी, यातील उपरोध त्याच्या स्वतःवरही उलटणारा आहे.

टॉमस सट्पेन हा डोंगराळ भागातील दरिद्री गौरवर्णीय कुटुंबातला मुलगा. एका मळेवाल्याच्या हवेलीच्या पुढील दारातून त्याला एक कृष्णवर्णीय नोकर मागील दाराकडे जावयास सांगतो आणि त्या अपमानातून त्याच्या आयुष्याचा आराखडा तयार होतो. दार अडवणारी व्यवस्था मोडावी असे त्याला वाटत नाही. आपण त्या दाराच्या आत असावे असे वाटते. हैतीत संपत्ती व पत्नी मिळवून, पुढे पत्नी व मुलगा या दोघांनाही टाकून, तो १८३३ मध्ये जेफर्सन गावी येतो आणि शंभर चौरस मैलांचा मळा उभारतो. नंतरच्या विवाहातून झालेला मुलगा हेन्री १८६५ मध्ये त्याच मळ्याच्या फाटकापाशी चार्ल्स बॉन या आपल्या जिवलग मित्राला गोळी घालतो. हा बॉन सट्पेनने टाकलेला मुलगा होता. हेन्रीने त्याला का मारले, हा कादंबरीभर पुरणारा प्रश्न आहे.

या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही प्रत्यक्षदर्शीकडून मिळत नाही. मिस रोझा कोल्डफील्ड द्वेषाने सांगते, कॉम्पसन वडील उदासीन विद्वत्तेने सांगतात, आणि अखेरीस १९१० च्या जानेवारीत हार्वर्डच्या थंड खोलीत क्वेंटिन कॉम्पसन व त्याचा कॅनडियन मित्र श्रीव्ह हे दोघे तुकडे जुळवीत उत्तर रचतात. बॉनच्या अंगात कृष्णवर्णीय रक्ताचा अंश होता. रक्तसंबंधातील विवाह हेन्री एक वेळ सोसू शकला असता, पण हा अंश सोसू शकला नाही, असे ते उत्तर. निवेदनाच्या अंतर्गत पुराव्याने हे कोठेही सिद्ध होत नाही. क्वेंटिन आणि वृद्ध हेन्री यांची जी एकमेव भेट दाखवली आहे तिच्यात ते सांगितले जात नाही. कादंबरीअखेर जोडलेली कालसूची मात्र ही बाब निश्चित घटना म्हणून नोंदवते. नोंद एक सांगते, निवेदन शंका जिवंत ठेवते. हा ताण दुर्लक्षून एकाच बाजूला कौल देणारे वाचन कादंबरीची रचना मोडते.

या अनिश्चिततेचा अर्थ ‘सत्य सापेक्ष असते’ अशा सोयीस्कर सूत्रात बसवता येणार नाही. निवेदकांना काय कळत नाही याला एक निश्चित आकार आहे. सट्पेन १८२० च्या दशकात हैतीमध्ये मळ्यावर चालून आलेले कृष्णवर्णीयांचे बंड मोडतो असे सांगितले जाते. पण तेथील गुलामांनी आपले बंड त्याआधीच जिंकले होते आणि हैती १८०४ पासून स्वतंत्र राष्ट्र होते. ही लेखकाची चूक की निवेदकांच्या स्मृतीतील विकृती, याचा निर्णय समीक्षकांनी वेगवेगळा दिला आहे. कसाही दिला तरी एक गोष्ट उरते : गुलामांनी जिंकलेल्या क्रांतीला या कथेच्या कोणत्याही निवेदकाच्या जगात स्थान नाही. त्यांची कल्पनाशक्ती बॉनच्या मनातील प्रत्येक वळण रंगवू शकते, पण मळा उभारणाऱ्या गुलामांपैकी एकाच्याही मनात ती शिरत नाही.

हा आकार सर्वांत स्पष्ट होतो तो क्लायटीच्या व्यक्तिरेखेत. ती सट्पेनची एका गुलाम स्त्रीपासून झालेली मुलगी. घराण्याचा सगळा इतिहास जिच्या डोळ्यांसमोर घडला अशी अखेरपर्यंत टिकलेली साक्षीदार. तिला निवेदन नाही. मिस रोझा जिना चढू पाहते तेव्हा क्लायटी तिचा हात धरून तिला थोपवते, आणि त्या स्पर्शाने वर्ण, जात, पायरी या साऱ्या भिंती एका क्षणात ढासळल्याचे रोझाला जाणवते. पण जाणवताक्षणीच ती क्लायटीला तिच्या वर्णावरून हिणवते आणि भिंत पुन्हा उभी करते. १९०९ च्या डिसेंबरात क्लायटी ते घर पेटवून देते. बोलण्याची जागा न मिळालेल्या साक्षीदाराचे हे एकमेव निवेदन होय. ‘द साउंड अँड द फ्यूरी’तील मौनापेक्षा हे मौन वेगळे आहे. येथे ते प्रशस्तीने भरून काढलेले नाही. निवेदकांच्या अखंड बडबडीत ते पोकळीसारखे जाणवत राहते आणि अखेरीस आगीच्या रूपाने बडबड थांबवते.

४

‘गो डाउन, मोझेस’ (१९४२) मध्ये फॉकनर हा शोध मौखिक कथनाकडून लिखित नोंदीकडे नेतो. सात कथांचा हा ग्रंथ प्रथम ‘आणि इतर कथा’ अशा पुरवणीसह प्रसिद्ध झाला. १९४९ च्या आवृत्तीत ती पुरवणी गळाली आणि लेखकाच्या मनातील कादंबरीरूप अधोरेखित झाले. ‘द बेअर’ या कथेच्या चौथ्या भागात सोळा वर्षांचा आयझॅक मॅकॅस्लिन मळ्यावरील कोठीत बसून घराण्याच्या जुन्या खातेवह्या वाचतो. त्याच्या वडिलांनी व चुलत्यांनी त्यांत कापूस, डाळ, अवजारे यांच्या बरोबरीनेच गुलामांची खरेदी, जन्म, मृत्यू यांच्या नोंदी केल्या आहेत. आजोबांनी १८०७ मध्ये न्यू ऑर्लीन्सला विकत घेतलेली युनिस ही स्त्री १८३२ च्या नाताळच्या दिवशी ओढ्यात बुडून मेली, अशी एक नोंद. तिने स्वतःला बुडवून घेतले असे एक भाऊ लिहितो. गुलाम कधी आत्महत्या करतो काय, असा शेरा काही दिवसांनी दुसरा भाऊ त्याच वहीत मारतो. सहा महिन्यांनी युनिसची मुलगी टॉमी बाळंतपणात मरण पावते आणि तिच्या मुलाच्या नावे आजोबा मृत्युपत्रात हजार डॉलर ठेवतात.

या तुटक नोंदींवरून आयझॅक जे ताडतो ते भयंकर आहे. टॉमी ही आजोबांचीच मुलगी होती; तिच्यापासून झालेले मूलही त्यांचेच होते; आणि हे कळल्यामुळे युनिसने जीव दिला. वहीत यातले काहीच लिहिलेले नाही. जे लिहिले आहे त्याच्या फटींतून ते वाचावे लागते. वाचनाची ही प्रक्रिया फॉकनरने इतक्या सूक्ष्मतेने दाखवली आहे की, वाचकही आयझॅकबरोबर अडखळत तो निष्कर्ष काढतो आणि कळण्याच्या जबाबदारीत भागीदार होतो. संज्ञाप्रवाहाच्या चौकटीत या प्रकरणाचा नीट उलगडा होत नाही, तो यामुळेच. येथे मनाचा प्रवाह दुय्यम असून दस्तऐवजापुढे बसलेले मन महत्त्वाचे आहे. युनिसचे मौन येथे व्यवस्थेने निर्माण केलेले मौन म्हणून दिसते. तिचा शोक ज्या वहीत शिरू शकत नाही ती वही कोणाची, हे पानापानावर स्पष्ट आहे.

कळल्यावर आयझॅक काय करतो? एकविसाव्या वर्षी तो मळ्याचा वारसा नाकारतो. थकलेली देणगी टॉमीच्या नातवंडांपर्यंत पोचवण्याची धडपडही करतो. समीक्षेच्या एका मोठ्या परंपरेने या नकाराकडे संतत्वाच्या अंगाने पाहिले आहे. परंतु ग्रंथाची रचना या वाचनाला दुजोरा देत नाही. नाकारलेला मळा नष्ट होत नाही, तो दुसऱ्याच्या हाती जातो. कुळे तशीच राबतात, खातेवहीतील हिशेब चालूच राहतो. आयझॅकचे हात स्वच्छ होतात, इतकेच. ‘पँटलून इन ब्लॅक’ या कथेत रायडर या कृष्णवर्णीय मजुराचा पत्नीच्या मृत्यूनंतरचा अनावर शोक आपण अगदी जवळून पाहतो. कथेच्या उत्तरार्धात तीच हकिगत एक पोलीस अधिकारी स्वतःच्या बायकोला सांगतो आणि त्याला त्या शोकातले काहीही कळलेले नसते. गौरवर्णीय निवेदकाच्या अज्ञानालाच फॉकनर येथे कथाविषय करतो.

‘डेल्टा ऑटम’मध्ये आयझॅक जवळजवळ ऐंशीच्या घरात पोचलेला आहे. शिकारीच्या तळावर एक तरुण स्त्री मूल कडेवर घेऊन येते. आयझॅकच्या आप्ताने, रॉथ एडमंड्सने, तिला टाकले आहे आणि तिला देण्यासाठी पैशांचे पाकीट मागे ठेवले आहे. ती टॉमीच्याच वंशातली आहे हे उमगताच वृद्ध आयझॅक हादरतो. आजोबांची गोष्ट शंभर वर्षांनी त्याच पैशांच्या पाकिटासह पुन्हा घडली आहे. असे मीलन या देशात कदाचित हजार-दोन हजार वर्षांनी शक्य होईल, पण आता नाही, असा आक्रोश त्याच्या मनात उमटतो. तिने उत्तरेस जावे, आपल्या वर्णाच्या पुरुषाशी लग्न करावे, असा सल्ला तो देतो. तिचे उत्तर थोडक्यात असे आहे की, प्रेम म्हणजे काय हे कधीकाळी ठाऊक असलेच तर या म्हाताऱ्याला त्याची आठवणही उरलेली नाही. या स्त्रीला ग्रंथात नाव नाही. पण फॉकनरच्या साहित्यात युनिस आणि क्लायटी यांच्या मौनाला मिळालेला हा पहिला स्पष्ट आवाज आहे, आणि तो जाणत्या, पश्चात्तप्त, सज्जन वारसदारालाच दोषी ठरवतो.

ग्रंथाची अर्पणपत्रिका या पार्श्वभूमीवर वाचण्यासारखी आहे. गुलामगिरीत जन्मलेल्या आणि फॉकनर कुटुंबात आयुष्य वेचलेल्या कॅरोलाइन बार या वृद्धेला तो अर्पण केला आहे. १९४० मध्ये ती वारली तेव्हा फॉकनरने आपल्या घरी तिच्या अंत्यविधीच्या वेळी भाषण केले होते. मोबदल्याचा हिशेब न ठेवता दिलेल्या निष्ठेचा गौरव ती अर्पणपत्रिका करते. आतील ग्रंथ मात्र न ठेवलेल्या हिशेबाविषयीच आहे. दारावर निष्ठेचे तोरण आणि आत खातेवही, ही विसंगती फॉकनरच्या संपूर्ण व्यक्तिमत्त्वाची विसंगती आहे.

५

ही विसंगती त्याच्या सार्वजनिक जीवनात तीव्रपणे प्रकट झाली. १९३१ च्या जानेवारीत ‘ड्राय सेप्टेंबर’ ही कथा प्रसिद्ध झाली. केवळ अफवेवरून एका निरपराध कृष्णवर्णीयाचा झुंडीने केलेला वध तिच्यात आहे. आणि त्याला विरोध करणारा न्हावीसुद्धा झुंडीच्या मोटारीत बसतो, त्या माणसावर हात उगारतो आणि मग धावत्या गाडीतून उडी टाकून स्वतःची सुटका करून घेतो. त्यानंतर अवघ्या काही आठवड्यांत, फेब्रुवारीमध्ये, मेम्फिसच्या एका दैनिकात फॉकनरचे एक पत्र छापून आले. झुंडीच्या न्यायाचे आपण समर्थन करीत नाही असे म्हणत म्हणत ते त्या न्यायाकडे बऱ्याच समजुतीने पाहते. एकाच हाताने, एकाच हिवाळ्यात, या दोन गोष्टी लिहिल्या.

१९४४ च्या सुमारास बहुतेक पुस्तके बाजारात मिळेनाशी झालेला हा लेखक १९४९ च्या नोबेल पुरस्कारानंतर (तो प्रत्यक्षात १९५० मध्ये प्रदान झाला) राष्ट्राचा प्रवक्ता बनला. १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळांतील वांशिक विलगीकरण घटनाबाह्य ठरवले. १९५५ मध्ये मिसिसिपीत एमेट टिल या चौदा वर्षांच्या मुलाची हत्या झाली तेव्हा फॉकनरने रोमहून निषेधाचे निवेदन काढले. स्वतःच्या राज्यात त्याला यासाठी शिव्याशाप ऐकावे लागले, हेही विसरता येणार नाही. पण १९५६ च्या मार्चमध्ये ‘लाइफ’ साप्ताहिकातील लेखात त्याने उत्तरेला व कृष्णवर्णीयांच्या संघटनांना सबुरीचा सल्ला दिला : आता थोडे थांबा, दक्षिणेला अवधी द्या. त्याच सुमारास दिलेल्या एका मुलाखतीत, वेळ आलीच तर आपण मिसिसिपीच्या बाजूने लढू, मग रस्त्यावर कृष्णवर्णीयांवर गोळ्या झाडाव्या लागल्या तरी, असे उद्गार त्याच्या तोंडी प्रसिद्ध झाले. पुढे त्याने ते नाकारले; शुद्धीवरचा कोणताही माणूस असे म्हणणार नाही, असा खुलासा केला. डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांनी टिलच्या मारेकऱ्यांना ज्या न्यायालयात निर्दोष सोडले गेले त्याच्याच पायऱ्यांवर जाहीर वादाचे आव्हान दिले. फॉकनरने ते स्वीकारले नाही. जेम्स बॉल्डविन यांनी त्याच वर्षी लिहिलेल्या निबंधात दाखवून दिले की, जो अवधी मागितला जात आहे तो मुळात अस्तित्वातच नाही. शतकभर मिळालेल्या अवधीत काय केले, याचे उत्तर अवधी मागणाऱ्याजवळ नाही.

बॉल्डविन यांची ही टीका न्याय्य आहे. पण तिच्याइतकीच लक्षणीय गोष्ट ही की, ‘आता नाही’ हे शब्द फॉकनरने चौदा वर्षे आधी आयझॅक मॅकॅस्लिनच्या मनात घातले होते आणि एका निनावी स्त्रीकडून त्यांचे खंडनही करवून घेतले होते. १९४२ च्या कथाकाराने १९५६ च्या नागरिकाला आधीच ओळखले होते. आयझॅकप्रमाणेच तो नागरिक वही वाचू शकला, तिच्या फटींतले सत्य त्याला दिसले, आणि मग तो काळाच्या आड लपला. सार्त्र यांना जाणवलेला भविष्याचा अभाव येथे नव्या अर्थाने उलगडतो. सत्य कळूनही त्यानुसार वागावयाचे नाही असे ज्याने ठरवले, त्याच्यापुढे भविष्य हजार-दोन हजार वर्षांवर ढकलले जाते.

६

लेखकाचे जीवन आणि त्याची कलाकृती यांच्या संबंधाविषयी मराठीत झालेल्या वादांत दोन टोके नेहमी दिसतात. कलाकृती स्वायत्त मानून जीवनाला बाहेर ठेवणारे एक. जीवनातील उक्तीवरून कलाकृतीला मोजणारे दुसरे. फॉकनर या दोन्ही टोकांना अडचणीत टाकतो. त्याच्या जाहीर विधानांवरून ‘गो डाउन, मोझेस’ला निकालात काढले, तर त्या विधानांविरुद्धचा एक प्रबळ साक्षीदार गमावला जातो. ती विधाने बाजूला सारून केवळ मानवी हृदयातील संघर्षाची भाषा बोलली, तर त्या ग्रंथातील विशिष्ट आरोप कोणावर आहे हेच विसरले जाते. कलाकृती लेखकापेक्षा शहाणी असू शकते. पण तिचे शहाणपण लेखकाला दोषमुक्त करीत नाही. येथे तर ते त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून उभे राहते.

त्याचबरोबर या शहाणपणाची मर्यादाही नोंदवावयास हवी. फॉकनरची कादंबरी खातेवहीतील मौन दाखवते, ते कोणी निर्माण केले हे सांगते, क्वचित ते मोडूही देते. पण युनिसच्या बाजूने ती वही लिहू शकत नाही. ते काम दुसऱ्या हातांचे होते. टोनी मॉरिसन यांनी १९५५ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात वुल्फ आणि फॉकनर यांच्यावर एम.ए.चा प्रबंध लिहिला होता. ‘बिलव्हेड’ (१९८७) मध्ये त्यांनी गुलाम मातेच्या शोकाला जे शब्द दिले, ते फॉकनरच्या रचनेची जाण असलेल्या आणि तिच्या पलीकडे जाणे भाग असलेल्या लेखिकेचे आहेत. सहानुभूतीने लिहिणे आणि स्वानुभवाने लिहिणे यांतील अंतराची चर्चा दलित साहित्याच्या निमित्ताने मराठीत दीर्घकाळ झाली आहे. त्या चर्चेशी परिचित असलेल्या अभ्यासकाला हा मुद्दा वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. मात्र सहानुभूतीच्याही पायऱ्या असतात, हे फॉकनर दाखवतो. डिल्सीची प्रशस्ती ही पहिली पायरी. क्लायटीचे ठसठसणारे मौन ही दुसरी. आपल्याच घराच्या वहीत स्वतःविरुद्धची साक्ष वाचणे ही तिसरी. चौथी पायरी, म्हणजे वाचल्याप्रमाणे वागणे, ही त्याच्या पात्राला चढता आली नाही आणि त्यालाही नाही.

६ जुलै १९६२ रोजी फॉकनरचे निधन झाले. त्यानंतर तीन महिनेही उलटले नव्हते, तोच त्याच्याच ऑक्सफर्ड गावातील विद्यापीठात जेम्स मेरेडिथ या कृष्णवर्णीय विद्यार्थ्याच्या प्रवेशावरून दंगल उसळली. त्या रात्री दोन माणसे ठार झाली. दुसऱ्या दिवशी, १ ऑक्टोबरला, मेरेडिथने सैन्याच्या संरक्षणात प्रवेश घेतला. ज्या अवधीची मागणी १९५६ मध्ये केली गेली होती तो तोवर संपला होता. आणि तो कोणाच्या अनुमतीने संपला नव्हता.